बेचाळीस इंची कप्तान

अंतराळयानाच्या त्या सिनेमामालिकेत ह्या खेपेला कोण राहणार आणि कोणाला नारळ मिळणार, हे दिग्दर्शकाच्या बायकोच्याही आधी टाचणीबाईंना कळायचं. त्यात जादू काही नव्हती. सिनेमा ठरला की वरच्या मजल्यावरून पहिला कागद खाली शिवणखात्यात यायचा, तो म्हणजे ज्यांची मापं घ्यायची त्यांची यादी. करारबिरार, मुलाखती, पोस्टरं हे सगळं मागाहून. यादीत नाव नाही म्हणजे तो माणूस यानातून उतरला असं समजायचं. वरची मंडळी तोंडाने कधीच काही सांगत नसत. त्यांना लाज वाटायची म्हणा, भीती वाटायची म्हणा.

यानावरची डॉक्टरीण व्हायची ती नटी गेल्या खेपेला आपण होऊन खाली आली होती. केस नीट बसवलेले, हातात पर्स. "माझं माप कधी घेताय?" म्हणाली. टाचणीबाईंच्या ओठांत नेहमीप्रमाणे पाच-सहा टाचण्या होत्या, म्हणून निभावलं. त्यांनी नुसती मान हलवली. नटी मिनिटभर तशीच उभी राहिली, मग म्हणाली, "जाड झालेय ना मी, टेप पुरायची नाही तुमची," आणि हसत हसत निघून गेली. जिन्यात तिच्या रडण्याचा आवाज आला. त्या दिवशी टाचणीबाईंनी एक बाही उलटी जोडली.

आठ सिनेमे झाले होते, नववा चालू होता. एकतीस वर्षांपूर्वी ह्या बाई बटणं लावायला म्हणून आल्या, आणि आता अख्खं शिवणखातं त्यांच्या हाताखाली होतं. पहिल्या सिनेमातल्या पाचांपैकी एक जण वारला, दोघं यादीतून गळले. यंत्रमानव व्हायचा तो गुडघ्यांनी हात टेकले म्हणून स्वतःच घरी बसला. उरला होता एकटा कप्तान. वय वर्षं एकाहत्तर. त्याला खरं नाव होतं, पण ते बहुधा त्याच्या बँकेलाच ठाऊक असेल. चहावाल्यापासून स्टुडिओच्या मालकिणीपर्यंत सगळे त्याला कप्तानच म्हणत.

बाहेर ह्या कप्तानावरून रणं माजली होती. पेपरात, फोनवर, न्हाव्याच्या दुकानात. एक म्हणे, बास झालं, म्हाताऱ्याला आता मानाने निरोप द्या. दुसरा म्हणे, कप्तान नसेल तर आम्ही थेटरात पाऊल टाकणार नाही. तिसरा म्हणे, चौथ्या सिनेमालाच थांबायला हवं होतं. अहो, खुर्चीत रेलून बसलेल्या माणसाला दुसऱ्याची निवृत्ती ठरवायला काय जातंय! कप्तान मात्र ते सगळं वाचायचा, अगदी शब्दन् शब्द. वाचून झालं की टाचणीबाईंना फोन करायचा आणि इकडचं तिकडचं बोलून हळूच विचारायचा, "आली का हो यादी?"

नवव्याची यादी आली. त्यात कप्तानाचं नाव होतं, पण पुढे लाल शाईने एक अट होती. ह्या सिनेमात यान बंद पडतं आणि कप्तान पोकळीत तरंगत, उलटासुलटा होत ते दुरुस्त करतो, असा प्रसंग होता. तो त्याने स्वतः करायचा. सलग, चेहरा दिसला पाहिजे, बदली माणूस नाही. गेल्या सिनेमात बदली माणसाची मान ओळखू आली होती आणि लोक खदाखदा हसले होते. हा प्रसंग जमला तर दहाव्यातही कप्तान, नाहीतर नमस्कार. एवढं सगळं त्या एका ओळीत होतं.

मापाला तो जेवणाच्या सुट्टीत आला, मुद्दाम, खातं रिकामं असताना. पडद्यामागे सदरा काढला आणि टाचणीबाईंच्या ओठांतली टाचणी निसटून खाली पडली. चार वर्षांत माणूस अर्धा झाला होता. गळ्याखालची हाडं मोजून घ्यावीत अशी वर आलेली. छाती एके काळी बेचाळीस होती. टेप साडेछत्तीसवर थांबली. त्यांनी परत लावली. साडेछत्तीसच.

"आजारी आहात का?"

"छे हो. भूक लागत नाही, एवढंच."

"डॉक्टरला दाखवलंत?"

"दाखवलं की तो लिहून देणार. लिहून दिलं की ते वर जाणार." कप्तानाने सदरा घट्ट छातीशी धरला. "बाई, जुनंच लिहा. बेचाळीस लिहा. बाकीचं तुम्ही आतून भरा. तुमच्या हातात आहे ते."

टाचणीबाईंचा एक नियम होता. पडद्यामागे जे दिसेल ते पडद्यामागेच ठेवायचं. कोणाच्या पोटावर टाके, कोणाच्या पाठीवर वळ, कोणाला दिवस गेलेत, सगळं त्यांना ठाऊक असायचं आणि एक अक्षर कधी बाहेर फुटलं नव्हतं. त्या जोरावर तर नटनट्या त्यांच्यापुढे निर्धास्त उभ्या राहत. त्यांनी मापाच्या कागदावर बेचाळीस लिहिलं. 

मग त्यांनी फोमची एक बंडी शिवली. छातीला जाड, खांद्यांना त्याहून जाड, पाठीला बेताची, आतून मऊ अस्तर. दंडांसाठी वेगळ्या गाद्या. काम इतकं सुरेख झालं की वर चंदेरी सूट चढवल्यावर आरशात पहिल्या सिनेमातला कप्तान उभा राहिला. तो स्वतःकडे बघतच राहिला. "काय कमाल आहे हो तुमची," म्हणाला, आणि डोळे पुसले. टाचणीबाईंनाही भरून आलं. आपण काहीतरी पुण्याचं केलं असं वाटून त्या घरी जाताना बाजारातून भाजीऐवजी फुलं घेऊन गेल्या. त्यावरून नवऱ्याने दोन दिवस चिडवलं.

इथेच त्यांची चूक झाली, आणि ती शिवणखात्यातल्या माणसाचीच होऊ शकते अशी. मापाचा कागद म्हणजे कापडाचा कागद, असं त्या धरून चालल्या. एकतीस वर्षं तसंच होतं. आधीच्या सिनेमांत हवेत लटकवायचं झालं तर पट्टा सुटावरून बांधत, प्रत्यक्ष अंगावर, ओढूनताणून. ह्या वेळी नवीन तऱ्हा निघाली होती. पट्टा दिसता कामा नये, म्हणून तो सुटाच्या आत. आणि तो आधीच कापून तयार ठेवायचा, मापाच्या कागदावरून.

चित्रीकरणाला चार दिवस उरले असताना तारवाला खाली आला. तारवाला म्हणजे तारांवर माणसं उडवणारा. बुटका, दणकट, अतिशय काळजीवाहू माणूस. आजवर त्याच्या तारेवरून कोणी खाली आलं नव्हतं आणि त्याचा त्याला सार्थ अभिमान होता. हातात नवाकोरा पट्टा.

"बाई, झकास बसला हो कप्तानाला! आताच त्या बंडीवरून चढवून पाहिला. बेचाळीस म्हणजे बेचाळीस. कागद असावा तर तुमच्यासारखा."

"बंडी कशाची वाटली तुम्हाला?" टाचणीबाईंनी जपून विचारलं.

"थंडीची असेल. का?"

"काही नाही," बाई म्हणाल्या.

तारवाल्याला वाटलं होतं, बंडी कापडाची आणि आत छाती बेचाळीसची. बाईंना ठाऊक होतं, बंडी फोमची आणि आत साडेछत्तीस. फोम दाबला की बसतो, हे शिवणाऱ्याला कोणी सांगायला नको. माणूस सरळ उभा असेल तोवर पट्टा घट्ट वाटणार. तो उलटा झाला, सगळं वजन खांद्यांवर आलं, की मग?

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मशिनं बंद झाली, मुली डबे घेऊन बाहेर गेल्या, तेव्हा टाचणीबाईंनी दाराला आतून कडी लावली. खात्यात कापडी पुतळे होते, बिनडोक्याचे. त्यातल्या एकाला त्यांनी गुंडाळून बरोबर साडेछत्तीस केलं, आत वाळूच्या पिशव्या कोंबल्या, बंडी चढवली, वरून पट्टा आवळला. हाताने ओढून पाहिलं, घट्ट. पडदे टांगायच्या आकड्याला पट्ट्याची कडी अडकवली आणि दोरी ओढून पुतळा वर घेतला. चांगला लटकला. त्यांना जरा धीर आला. मग त्यांनी त्याला हळूच उलटा फिरवला.

आधी काहीच झालं नाही. नुसता कापडाचा करकर आवाज. मग एक खांदा आत गेला, हळू, कोणी झोपेत कूस बदलावी तसा. पट्टा वर सरकला. दुसरा खांदा गेला. आणि अख्खा पुतळा बंडीसकट पट्ट्यातून सुटून धाडकन फरशीवर आला. वाळूची पिशवी फुटली. रिकामा पट्टा वर डुलत राहिला.

टाचणीबाई मशिनीला धरून उभ्या राहिल्या.  खात्याचं छत जेमतेम नऊ फूट. चित्रीकरणाच्या जागी तार चाळीस फुटांवर होती आणि खाली यानाचा लोखंडी सांगाडा होता.

कोणीतरी दार वाजवलं. बाईंनी झटपट वाळू झाडून टाकली.

संध्याकाळी त्या कप्तानाच्या खोलीवर गेल्या. तो आरशापुढे बसून संवाद पाठ करत होता. त्यांनी पुतळ्याचं सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. 

"तारवाल्याला खरं माप सांगा," बाई म्हणाल्या. "तो नवा पट्टा कापेल. दोन तासांचं काम आहे."

"आणि विचारेल, साडेपाच इंच कुठे गेले म्हणून. तो भला माणूस आहे, बाई. भला आहे म्हणूनच वर जाऊन सांगेल. ते डॉक्टर बोलावतील. संपलं."

"अहो, पण जीव—"

"बाई." त्याने त्यांचा हात धरला. हात बर्फासारखा गार. "तुम्ही शब्द दिलाय मला. मी पट्टा आणखी आवळून घेईन. मी हातांनी धरून राहीन. आजवर पडलोय का कधी?"

टाचणीबाईंना बोलायचं खूप होतं. त्या "बरं" म्हणाल्या आणि बाहेर आल्या. जिन्यावर स्वतःलाच दोन शिव्या हासडल्या. पुढचे दोन दिवस त्यांनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. डोळे मिटले की खांदा आत जाताना दिसायचा. मशीन चालवताना सुई बोटात गेली. एका मुलीने "बाई, बरं नाही का?" म्हणून विचारलं तर तिच्यावर खेकसल्या, आणि मग तिला चहा पाजला. बंडीला मधून टिपा घालून फोम चेपता येतो का तेही करून पाहिलं. टिपा घातल्या की छाती पडायची, आणि छाती पडली की कप्तान पडायचा. दोन्हीकडून कात्री.

त्यांचा नवरा बस चालवायचा. तीन वर्षांपूर्वी मुदतीच्या आधीच नोकरी सोडून घरी बसला होता, आणि तेव्हापासून घरातल्या प्रत्येक वस्तूला जागा बदलून द्यायचं व्रत त्याने घेतलं होतं. चित्रीकरणाच्या दिवशी सकाळी तो चहाचा डबा शोधत होता. स्वतःच लपवलेला.

"अहो," बाई म्हणाल्या, "तुम्ही गाडी का सोडलीत? खरं सांगा."

"सांगितलंय की. कंबर."

"कंबर ठणठणीत आहे तुमची. अख्खं कपाट एकट्याने सरकवता."

नवऱ्याने डब्याचा शोध सोडला. मग खुर्चीवर बसला. "एक दिवस लाल दिवा दिसला नाही मला. समोरून मुलं रस्ता ओलांडत होती. ब्रेक लागला कसा ते आजही कळलेलं नाही. कोणालाच काही झालं नाही. गाडी लावली, किल्ली ठेवली आणि घरी आलो. मग वर्षभर तुझ्यावर ओरडत होतो. आमटीवरून, टॉवेलवरून. तुझी काय चूक होती? पण दुसरं होतं कोण?"

बाईंनी मग कप्तानाचं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा पडद्यामागची गोष्ट पडद्याबाहेर काढली. 

नवरा म्हणाला, "तो तुला शिव्या देईल. जन्मभर तोंड बघणार नाही तुझं. देऊ दे."

बाई स्टुडिओत गेल्या त्या तारवाल्याला गाठायचं ठरवूनच. पण तारवाल्यापाशी आधीच कप्तान उभा होता, दिग्दर्शक होता, मालकीण होती, आणि कप्तानाने काहीतरी विनोद केल्यामुळे सगळे हसत होते. बाईंना बघून कप्तान म्हणाला, "या! ह्यांच्यामुळे मी अजून तरुण आहे." सगळे बाईंकडे बघून पुन्हा हसले.  बाईंच्या हातात शिरस्त्राण होतं, ते त्यांनी पुढे केलं. बस्, तेवढंच झालं त्यांच्याच्याने. स्वतःची इतकी चीड त्यांना कधी आली नव्हती.

दिवे लागले. साठ-सत्तर माणसं गप्प झाली. तारवाल्याने कप्तानाच्या पाठीला तारेच्या कड्या अडकवल्या, दोनदा तपासल्या, हिसका देऊन पाहिला. "घट्ट आहे ना?"

"घट्ट," कप्तान म्हणाला.

तार हलली. कप्तान जमिनीपासून हातभर वर गेला, मग डोक्याइतका. चाचणी म्हणून तिथेच थांबवला. दिग्दर्शक म्हणाला, "जरा पुढे झुकवा, तोल बघू." कप्तान पुढे झुकला.

करकर. अगदी बारीक आवाज. साठ माणसांत तो एकीलाच कळला. चंदेरी कापडाखाली पट्टा काखेकडे सरकताना टाचणीबाईंना दिसला.

"खाली घ्या!"

त्यांचा आवाज त्या जागेत कोणी कधी ऐकला नव्हता. तोंडातल्या टाचण्या चहूकडे उडाल्या. "खाली घ्या त्यांना! आत्ता! पट्टा सुटतोय!"

तारवाल्याचा हात आपोआप गेला. कप्तानाचे पाय जमिनीला लागले. दिग्दर्शक "काय चाललंय?" म्हणून ओरडला. बाई त्याच्याकडे न बघता सरळ कप्तानापाशी गेल्या आणि कंबरेची कात्री काढली.

"बाई, नको," कप्तान पुटपुटला. ओठ न हलवता, फक्त त्यांना ऐकू येईल असं. "सगळ्यांसमोर नको. हात जोडतो."

पाठीची शिवण बाईंनीच घातली होती, कुठून सुटते ते त्यांना ठाऊक होतं. ती उसवली. पट्ट्याखालची बंडी दोन्ही बाजूंनी कापली आणि फोमचा छातीचा तुकडा उपसून बाहेर काढला. मग पाठीचा. मग खांद्यांचे. पांढरे तुकडे फरशीवर पडत होते. चंदेरी सूट कप्तानाच्या अंगावर ढगळ झाला, दांडीवरच्या धुण्यासारखा लोंबला. इतकी वर्षं पडद्यावर तारे ओलांडून गेलेला माणूस त्यात कुठेतरी उभा होता.

तारवाला पुढे आला. त्याने पट्ट्यात हात घातला. हात कोपरापर्यंत गेला, सहज. त्याने हात बाहेर काढला, त्याकडे पाहिलं आणि तिथेच खाली बसला. "आई गं," म्हणाला. "चाळीस फूट."

मालकिणीने कोणाला तरी हलक्या आवाजात डॉक्टर बोलवायला सांगितलं. दिग्दर्शकाने दिवे घालवायची खूण केली. माणसं इकडेतिकडे बघू लागली, उगीच तारा गुंडाळू लागली.

टाचणीबाई कात्री हातात घेऊन उभ्या होत्या. आता शिव्या येणार. येऊ देत. त्यांनी मान वर केली.

कप्तान त्यांच्याकडेच बघत होता. त्याचे दात वाजत होते. मघाचा विनोद करणारा, आरशात स्वतःकडे बघणारा माणूस त्या चेहऱ्यावर उरला नव्हता. समोर होता तो घाबरून पार अर्धमेला झालेला एक म्हातारा.

"तीन दिवस माहीत होतं तुम्हाला," तो म्हणाला. "तीन दिवस झोपलो नाही मी. रोज वाटायचं, आज बाई कोणाला तरी सांगतील. आज नक्की सांगतील." त्याचा आवाज फुटला. "तुम्ही मला वर जाऊ दिलंत हो."

बाई पुढे झाल्या आणि त्यांनी त्याला काखेत हात घालून धरलं, कारण त्याचे पाय लटपटत होते आणि कोणीही खुर्ची आणली नव्हती.